चार कोपऱ्यांचा धडा

फोन वाजला तेव्हा फौजदार वर्षाराणी देसाई बुटाची लेस सोडत होती. एक सुटली होती, दुसरी हातात होती.

जोतिबाच्या यात्रेचा बंदोबस्त संपून ती नुकतीच डोंगरावरून खाली आली होती. उभं राहून राहून पायांचे खांब झाले होते. कानामागं गुलाल, नखांच्या कडांना गुलाल, टोपीच्या शिवणीत गुलाल. डोळे मिटले तरी पापणीच्या आत गुलाबीच दिसत होतं.

"मॅडम, मंगळवार पेठंत या," पलीकडून हवालदार आकाराम बोलत होता. "शालूबाई मास्तरीण पडल्यात. डोक्याला मार हाय, शुद्ध न्हाय. दवाखान्यात धाडलंय. पोरगं हाय ताब्यात."

"कुणाचं पोरगं?"

"ज्यानं ढकललं त्ये."

"ढकलताना बघितलं कुणी?"

"बघितलं न्हाय कुणी. पन समदी गल्ली म्हणतीय की!"

वर्षाराणीनं सुटलेली लेस पुन्हा बांधली.

मंगळवार पेठेतली ती गल्ली बारीक, तिच्या तोंडाशी तालीम. यात्रेहून आलेली माणसं अंघोळीवाचून तशीच उंबऱ्या-उंबऱ्यांवर बसलेली, सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत गुलाबी. जीपमध्ये एक दांडगा पोरगा मान खाली घालून बसला होता. अंगावरच्या पांढऱ्या शर्टावर रक्त. मांडीवर पिशवी, पायांत नवे कोरे बूट.

"संग्राम," आकारामनं ओळख करून दिली. "तालमीतला हाय. लष्करात निवड झालीया. आज रातच्या गाडीनं ट्रेनिंगला निघायचा होता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गुन्हा लिवला की गाडी गेली, नोकरीबी गेली. आई रडून रडून पडलीया घरात."

वर्षाराणी जीपच्या दाराशी टेकली. उभं राहवत नव्हतं.

"बाईंकडं कशाला आलतास?"

"पाया पडाय. परसाद द्याय." त्यानं पिशवीतली खोबऱ्याची वाटी दाखवली. "बाईंनीच शिकवलंय मला. इंग्रजीत पास झालो त्ये बाईंमुळं."

"मग?"

"दार वाजवलं. उघडंना. आत काय तरी पडल्यागत आवाज झाला. ढकलून आत गेलो तर बाई मागल्या उंबऱ्यापाशी. डोक्यातनं रगत. उचलून भाईर आणलं."

"आत आणखी कोण होतं?"

आतापर्यंत फटाफटा उत्तरं देणारा पोरगा इथं अडखळला. पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले, सोडले.

"कोण न्हाई," तो म्हणाला.

"नक्की?"

"कोण न्हाई म्हटलं की, मॅडम."

वर्षाराणीनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ती घरात गेली.

खालची एकच मोठी खोली, तिथं बाईंची शिकवणी भरे. समोर रस्त्याचं दार, मागं परसाचं दार आणि त्याला दगडी उंबरा. त्या उंबऱ्यावर रक्त सुकत आलं होतं. खोलीच्या चारी कोपऱ्यांत भिंतीवर चार पाट्या रंगवलेल्या. देवळीच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, सांगणारं. खिडकीच्या कोपऱ्यात, विचारणारं. जिन्याच्या कोपऱ्यात, फर्मावणारं. कपाटाच्या कोपऱ्यात, चकित होणारं. फळ्याच्या वर बाईंच्या गोल अक्षरात चार ओळी:

एक लेक सांगते, दळण झालं बाई,
दुसरी पुसते, कोण आलं गं दारी?
तिसरी फर्मावते, उघड कडी-कोयंडा!
चौथी म्हणते, अगंबाई, केवढा हा तांडा!

वर्षाराणीला आपल्या गावची, नेसरीची शाळा आठवली. तिथं वाक्यांचे प्रकार छडीनं शिकवले होते.

मग तिची नजर जमिनीवर गेली. फरशी स्वच्छ होती, आणि स्वच्छ होती म्हणूनच त्यावरचं सगळं वाचता येत होतं. रस्त्याच्या दारापासून मागच्या उंबऱ्यापर्यंत बुटांचे ठसे, सरळ रेषेत गेलेले, तसेच परत आलेले. ते संग्रामचे. आणि दुसरे अनवाणी पायांचे, गुलाबी, रुंद.

अनवाणी पावलं मागच्या दारानं आत आली होती. खोलीच्या मध्यावर थांबली होती. तिथून खिडकीच्या कोपऱ्यात, परत मध्यावर. देवळीच्या कोपऱ्यात, परत मध्यावर. मग जिना, मग कपाट, पुन्हा खिडकी. मध्यावर तर गुलालाचा नुसता लगदा झाला होता.

"बघा मॅडम," आकाराम म्हणाला, "कायतरी हुडकत होता चोरटा. कोपरान् कोपरा पालथा घातलाय."

"कपाट उघडलंय?"

"न्हाय."

"जिना चढलाय?"

आकारामनं वाकून बघितलं. "पहिल्या पायरीपतुरबी न्हाय."

"हुडकणारा माणूस कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहतो होय रे?"

आकाराम डोकं खाजवत राहिला.

शेजारच्या घरातून एक तरुण बाई दारात येऊन उभी होती. डोळे लाल. केरबा नावाच्या शेजाऱ्याची ती सून, पूर्णिमा.

"फरशी मी पुसलीया," ती म्हणाली. "बाईंचं गुडघं दुखत्यात. दुपारी जेवणं झाल्यावर आले, पुसली, ओली सोडून गेले. तवा यकबी डाग नव्हता. मागल्या दाराला कडी व्हती, मीच घातलीवती. मांजरं शिरत्यात म्हणून बाई ती काढतच न्हाईत."

"आज शिकवणी होती का?"

"यात्रंमुळं सुट्टी. पन..." पूर्णिमा थांबली. "मी भाकरी थापत हुते, तवा भिंतीपलीकडनं धपधप आवाज येत हुता. पोरं कोपऱ्याकडं पळत्यात तसा. मला वाटलं, बाईंनी सुट्टी मोडली जणू."

"कोपऱ्याकडं कशाला पळतात?"

"खेळ हाय त्यो बाईंचा. बाई इंग्रजीत वाक्य म्हणणार. त्ये कायतरी सांगतंय, का विचारतंय, का हुकूम करतंय, का नवल करतंय, त्ये आपून वळखायचं आन् त्या कोपऱ्यात जायचं. माझं म्हायार पल्याडच्या गल्लीतलं, मीबी खेळलेय ल्हानपनी. बाई म्हणायच्या, डोकं आळशी असतंय, पायास्नी शिकवा."

"मग मधी उभं राहून वाक्य ऐकायचं?"

"व्हय. बराबर मधी."

वर्षाराणी खोलीच्या मध्यावरच्या लगद्याकडं बघत राहिली. तिच्या थकलेल्या डोक्यात काहीतरी हळूच जागेवर बसलं.

"आवाज पोरांसारखा होता?"

पूर्णिमानं विचार केला. "न्हाई. आता तुमी म्हणतासा तर... जड हुता. भांडी हालत हुती आमची."

पूर्णिमाचा सासरा केरबा ओसरीवर पाय पसरून बसला होता. पाय जोतिबाच्या रंगात रंगलेले.

"माझं भांडान हाय बाईसंगट," विचारायच्या आधीच त्यानं तोंड उघडलं. "गल्लीत कुणालाबी इचारा. तिच्या मोरीचं पानी माझ्या भिताडात मुरतंय. धा येळा सांगितलं. इंग्रजीत सांगू व्हय आता?"

"आज बोलणं झालं?"

"आज मी जोतिबासनं आलो त्यो हितं बसलो. गुडघं गेल्यात माझं. बाईला ढकलाय उठाय तरी याय नगं का मला?" त्यानं संतापानं उठून दाखवायचा प्रयत्न केला, पण उठता आलं नाही. पूर्णिमानं हात दिला.

"बाई पडल्या तेव्हा गल्लीत आधी कोण आलं?"

"वस्ताद. उदयसिंह वस्ताद. तालमीकडनं पळत आलं. संग्राम बाईंना उचलून भाईर आलाता. वस्ताद म्हटलं, काय केलंस रं ह्ये? तवा आमाला कळलं की ह्यानंच केलंय."

"वस्ताद नेमकं काय म्हणाले?"

"म्हटलं की, काय केलंस रं ह्ये?"

"एवढंच?"

"आनी काय म्हणाय पायजे? वस्तादांनी इचारलं म्हंजे आलंच की त्यात समदं."

तालमीत कुस्तीच्या हौद्याची लाल माती नुकतीच पाणी मारून ठेवलेली. उदयसिंह वस्ताद बाकड्यावर बसले होते. साठीतला माणूस, पण खांदा अजून दारात मावणार नाही असा. मिशा पांढऱ्या, पाय गुलाबी. गल्लीतली पोरं त्यांच्यासमोरून जाताना आवाज खाली घेत.

"या मॅडम, बसा. पाय दुखत असतील. यात्रंचा बंदोबस्त म्हंजे हाडं मोडत्यात."

कितीतरी दिवसांत कुणी तिच्या पायांची चौकशी केली नव्हती. ती बसली.

"संग्राम तुमचा चेला?"

"ल्हानपनापासनं. बाप न्हाई त्येला. मीच..." वस्तादांनी हौद्याकडं बघितलं. "गुणी हुतं पोर. आता काय झालं त्येला, द्येवाला म्हाईत."

"बाईंशी तुमचा संबंध?"

"आमचा कुठला? आमी मातीतली मानसं. इंग्रजीचा आन् माझा काय संबंध? त्या खोलीत पाऊल टाकल्यालं न्हाई मी कदी."

तेवढ्यात बाकड्यावरचा त्यांचा मोबाइल वाजला. पडद्यावर एक चार-पाच वर्षांचं पोरगं, नाकाला नाक लावल्यासारखं जवळ.

"नातू," वस्ताद ओशाळून म्हणाले. "राजवीर. लेक मेलबर्नला असती. मराठी येत न्हाई त्येला."

पोरगं इंग्रजीत भराभर काहीतरी बोललं. शेवटी विचारलं, आजोबा, आज कुस्ती खेळलात का?

"नो," वस्ताद म्हणाले. "टुमारो."

पोरगं खिदळलं. वस्तादांनी घाईनं फोन बंद केला आणि खिशात टाकला.

वर्षाराणी आलेला चहा प्याली. मग म्हणाली, "पंचनामा करायचाय, वस्ताद. गल्लीतला जाणता माणूस पंच म्हणून लागतो. येतासा का?"

"यायचंच की," वस्ताद म्हणाले, पण उठायला त्यांनी वेळ घेतला.

दिवेलागण झाली होती. बाईंच्या खोलीत वर्षाराणीनं चौघांना बोलावलं. दाराशी सगळ्यांनी पायताणं काढली, बूटवाल्यांनी बूट. वस्ताद, पूर्णिमाचा हात धरून आलेला केरबा, आणि आकारामच्या शेजारी संग्राम. ठशांच्या कडेकडेनं तिनं सगळ्यांना उभं केलं.

"पंचनाम्याला इंग्रजी लागतंय व्हय?" फळ्याकडं बघून केरबा कुरकुरला.

"थोडं लागतं," ती म्हणाली. बाईंच्या टेबलावरचा खडू तिनं उचलला आणि हातात खेळवत, जणू स्वतःशीच, म्हणाली, "हू इज अॅट द डोअर?"

आकारामनं दाराकडं बघितलं. केरबानं दाराकडं बघितलं. संग्रामची मानही दाराकडं वळली.

वस्तादांचा उजवा पाय खिडकीकडं वळला.

"क्लोज द डोअर!"

आकाराम दार लावायला धावला. वस्तादांचं अंग जिन्याच्या कोपऱ्याकडं झुकलं, अर्धं पाऊल उचललं गेलं, आणि ते हवेतच अडकलं. त्यांनी खाली बघितलं. आपलाच पाय परक्याचा असल्यासारखं बघितलं.

पूर्णिमानं तोंडावर हात ठेवला.

"पाय हालला म्हणून मानूस गुन्हेगार हुतोय व्हय?" वस्तादांचा आवाज चढला.

"नाही होत, वस्ताद." वर्षाराणी टेबलाच्या कडेवर टेकली. "पण या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही, असं तुम्हीच म्हणालात. फरशी दुपारी पुसली. त्यानंतर बुटांनी संग्राम आला, दारापासून उंबऱ्यापर्यंत सरळ. तो कोपऱ्यांत गेलाच नाही. कोपऱ्यांत गेला तो अनवाणी माणूस. भारी अंगाचा, कारण पूर्णिमाची भांडी हालत होती. केरबाला स्वतःच्या ओसरीवरून उठवत नाही, तो धपधप काय करणार? चोर म्हणावं, तर कपाटाला हात नाही. तो माणूस मध्ये उभा राहून ऐकत होता आणि कोपऱ्यात जात होता. धडा गिरवत होता. जी कडी बाई मांजरांच्या भीतीनं काढत नाहीत, ती त्यांनी स्वतः काढली होती. कुणाला तरी गल्लीच्या नजरेआडून आत घ्यायचं होतं म्हणून. सुट्टीच्या दिवशी, गल्ली यात्रेच्या थकव्यानं झोपलेली असताना."

वस्तादांची नजर फरशीवरच्या गुलाबी ठशांवर गेली.

"वाक्याचं उत्तर डोळ्यांनी दिलं असतं तर तुम्ही दाराकडं बघितलं असतं, बाकीच्यांनी बघितलं तसं. पण तुम्ही पैलवान. तुम्ही सगळं अंगानं शिकता. बाईंनी विचारणारं वाक्य खिडकीत ठेवलंय, हे तुमच्या पायाला माहीत आहे. आणि मघाशी नातवानं विचारलं, तेव्हा तुम्ही नुसतं हसून वेळ मारून नेली नाहीत. तो विचारतोय हे कळून उत्तर दिलंत."

वस्ताद मटकन जिन्याच्या पायरीवर बसले. एवढा मोठा देह, पण बसताना पोकळ वाटला.

जमिनीकडं बघत ते म्हणाले, "त्ये पोरगं तासतासभर बोलतंय. मी नुस्तं येस येस करायचो. यक दिवस ते रडाय लागलं आन् मी येस येस करत हसत हुतो. लेक म्हणाली, आबा, त्यो इचारतोय, तुमी कवा येणार. मी..." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बाईंस्नी म्हटलं, इंग्रजी नगं. त्यो सांगतोय का इचारतोय, रुसलाय का हरकलाय, तेवढंच कळू दे मला. बाई म्हटल्या, मग चारच कोपरं शिकायच्यात, या."

"आणि आज दार वाजलं."

"व्हय. संग्रामचा आवाज. बाई, उघडा म्हणत हुता. मला धडकी भरली. माझा चेला मला असं बघणार? उद्या तालीम हसणार, वस्ताद शिकवणीला जातोय, पोरांच्या खोलीत पळापळी खेळतोय. मी मागल्या दारानं सुटाय बघितलं. बाई आडव्या आल्या. हात धरला. म्हटल्या, लपताय कशाला? शिकायला लाज कसली?" त्यांनी उजवा हात उलटा करून बघितला. "मी नुस्ता हिसडा दिला. माझा हिसडा, मॅडम. पैलवानबी उभा ऱ्हात न्हाई."

"पडलेल्या बाईंकडं बघितलंत?"

"बघितलं." त्यांनी मागच्या दाराकडं बोट केलं. "बघितलं आन् पळालो. ह्ये पोर आत आल्यालं बघून म्हटलं, हाय कुणीतरी बाईंजवळ."

"आणि तालमीला वळसा घालून गल्लीत पहिले आलात. संग्रामला विचारलंत, काय केलंस रे हे? विचारलं तुम्ही, पण वस्तादांनी विचारलं म्हणजे निकालच लागला. तुम्हाला ते माहीत होतं. कुणाचं नाव तुम्हाला घ्यावंच लागलं नाही."

केरबा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आयला." पूर्णिमानं त्याला कोपर मारलं.

वर्षाराणी संग्रामकडं वळली. "तुला माहीत होतं."

पोरगा उंबऱ्यावरच्या रक्ताकडं बघत राहिला.

"आत गेलास तेव्हा कोण दिसलं होतं तुला?"

"पाठ," तो शेवटी म्हणाला. "मागल्या दारात. वस्तादांची पाठ मला कुठंबी वळखाय येती. रोज तेल लावून रगडलीया."

"मग बोलला का नाहीस? नोकरी चालली होती तुझी. आई रडतीय घरात."

संग्राम वस्तादांकडं बघत नव्हता. "वाटलं, सांगतील की आपण हून. वस्ताद हायत त्ये. मी थांबलो हुतो."

आकारामनं टोपी काढली. वस्तादांनी दोन्ही तळहातांनी चेहरा झाकला. खांदे हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता.

वर्षाराणीचा फोन वाजला. दवाखान्यातून शिपाई बोलत होता. तिनं ऐकून घेतलं, दोनदा बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

"बाई शुद्धीवर आल्यात. जबाब दिलाय." तिनं डोळे चोळले. "म्हणतात, पाय घसरला, मीच पडले. आत कोण नव्हतं. कुणाला त्रास द्यायचा नाही."

पूर्णिमा रडत हसली. केरबानं वर बघून हात जोडले. आकाराम म्हणाला, "मंग मिटलंच की मॅडम. केस न्हाई, काय न्हाई. घरला जाऊन झोपू या."

झोप. त्या शब्दानंच तिच्या गुडघ्यांत कळ आली. कागद कोरा ठेवून निघता आलं असतं. बाईंनी तशी वाट करून दिलीच होती.

"तू जा," ती संग्रामला म्हणाली. "गाडी गाठ."

संग्रामनं पिशवी उचलली. सवयीनं तो जिन्यापाशी गेला आणि वाकला. कुठल्याही मैदानात उतरण्याआधी तो असाच वाकत आला होता. वस्तादांनी पाय आखडून घेतले.

"नगं रं," ते म्हणाले. "आज नगं."

पोरगा क्षणभर वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला. "बाईंस्नी बघून मग ठेशनावर जातो," तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही, आणि बूट हातात घेऊनच गल्लीत उतरला.

बाहेर त्याच्या आईचा आवाज आला, मग बायकांचा कालवा, मग सगळं लांब लांब जात विरलं.

"मॅडम," वस्ताद म्हणाले.

"बोला."

"बाईंनी सोडलं मला. तुमीबी सोडचाल. पन गल्लीनं त्या पोराला सांच्यापारी चोर म्हटलंय, खुनी म्हटलंय. त्ये कोण पुसणार?" ते जिन्याचा कठडा धरून उठले. "लिवा तुमी. मी सांगतो त्ये लिवा. आन् तालमीच्या दारात उभं ऱ्हाऊन मोठ्यानं वाचून दावा."

आकारामनं वर्षाराणीकडं बघितलं. तिनं पेन काढलं. हात जड झाला होता, डोळ्यांपुढं अजून गुलाबी तरंगत होतं. तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पोरांच्या एका बुटक्या बाकाकडं बोट केलं.

"आधी बसा, वस्ताद," ती म्हणाली. "हळूहळू सांगा. मला घाई नाही."